फक्कीच्या भिंती

नानांकडे घराचा नकाशा काढून घ्यायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न असायचा, "ओला टॉवेल कुठे वाळत घालता?"

माणूस गोंधळायचा. प्लॉटचा उतारा, वास्तुवाल्याने दिशा आखून दिलेला कागद, मोबाइलमध्ये जमवलेले पुण्यातल्या बंगल्यांचे फोटो अशी जय्यत तयारी करून तो आलेला असायचा, आणि समोरचा इंजिनिअर त्याला टॉवेलाचं विचारत असायचा. बहुतेक जण म्हणायचे, "गच्चीवर." नाना मान हलवायचे. "गच्चीवर नाही. दारावर टाकता. सगळेच टाकतात. नवीन घरातही दारावरच टाकणार. तर ते दार कुठलं, ते आधी ठरवू."

जळगावात एका मेडिकलच्या दुकानावरच्या खोलीत नानांचं ऑफिस होतं. डिप्लोमा झाल्या झाल्या मी तिथे नकाशे काढायला लागले आणि ऑफिस बंद होईपर्यंत तिथेच राहिले. नाना फक्त राहती घरं करायचे, तीही एका घरात एकच कुटुंब राहणार असेल तर. अपार्टमेंटचं काम आलं की हात जोडायचे. "मला त्या माणसांचे चेहरे दिसत नाहीत," म्हणायचे, "आणि चेहरा दिसल्याशिवाय संडास कुठे ठेवायचा ते मला सुचत नाही."

ते स्वतः पेन्सिलनेच काढायचे. माझ्या संगणकाला ते 'तुझा टीव्ही' म्हणत. मागे येऊन उभे राहायचे आणि पेन्सिलीचं टोक स्क्रीनवर टेकवून सांगायचे, "ही भिंत वीतभर इकडे घे." माझ्या स्क्रीनवर कायम ठिपके. एकदा माझं लक्ष नाही असं बघून त्यांनी चुकलेला दरवाजा खोडरबराने पुसून पाहिला. मी वळले तेव्हा रबर खिशात टाकत म्हणाले, "धूळ होती."

नकाशात सगळ्यांच्या आधी कूलर बसायचा. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला यात नवल वाटणार नाही. पुण्या-मुंबईचे फोटो बघून बांधलेल्या घरात कूलरला जागाच नसते. मग एप्रिलमध्ये खिडकीचे गज कापा, बाहेर लोखंडी स्टँड ठोका, आणि त्याचं पाणी शेजारच्या अंगणात गेलं की भांडा. नाना आधी कूलरची खिडकी काढायचे, त्या वाऱ्यात कोण झोपणार ते विचारायचे आणि मग त्या माणसाभोवती खोली काढायचे. वास्तुशास्त्राशी त्यांचं वैर नव्हतं. "तुमचे देव मी सांगाल तिथे बसवतो," म्हणायचे, "पण पश्चिमेच्या उन्हाचं मी ठरवणार."

नकाशाआधी ते गिऱ्हाइकाच्या राहत्या घरी जायचे, तेही न कळवता आणि नेमके जेवायच्या वेळेला. चपला कुठे साचतात, भाजीची पिशवी आधी कुठे टेकते, घरातला म्हातारा कुठल्या कोपऱ्यात बसतो आणि तिथेच का, हे सगळं ते बघत बसायचे. कोणी विचारलं, "काय बघताय नाना?" तर "काही नाही, बसलोय," म्हणायचे. जेवायचा आग्रह झाला की जेवायचे. समोर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी आली तर मोजमापं दुसऱ्या दिवसावर जायची.

आणि एक नियम होता, त्यात सूट नव्हती. घरात जे माणूस सर्वांत जास्त वेळ असतं, ते आधी बोलणार. आता ते माणूस म्हणजे कोण, हे काही सांगायला नको. नवरा-बायको आले की नवरा खुर्ची पुढे ओढायचा, घसा खाकरायचा, आणि नाना त्याला म्हणायचे, "भाऊ, खाली चहा चांगला मिळतो. जरा सांगून येता का? आणि तिथेच बसा, तो वेळ लावतो." धुळ्याकडचा एक शेतकरी मात्र आला तोच म्हाताऱ्या आईला पुढे घालून. "मनी मायले इचारा, भाऊ," तो म्हणाला. "घर तिनं शे." घर आईचं आहे हे मुलाच्याच तोंडून ऐकून नाना इतके खूश झाले की त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः खाली जाऊन सांगितला.

बायका लगेच बोलायच्या नाहीत. "ह्यांनाच विचारा," म्हणायच्या. नाना पेन्सिलीला टोक करत बसायचे. इतका वेळ टोक करायचे की समोरचीला बोलणं भाग पडायचं. मग निघायचं एकेक. कुरडया-पापडांची ताटं घेऊन गच्चीवर जाताना दोन्ही हात भरलेले असतात, तर वरचं दार खांद्याने ढकललं की उघडलं पाहिजे. न्हाणीघरातून निघाल्यावर कपडे बदलायला पाहुण्यांसमोरून जावं लागू नये. एक बाई तर एवढंच म्हणाली, "मला एक दार असं हवं, की ते लावलं तर कोणी का लावलं म्हणून विचारणार नाही." त्या बाईला ते दार मिळालं.

नकाशा ठरला की फक्की. स्कूटरच्या पायाशी चुन्याच्या फक्कीचं पोतं ठेवून नाना प्लॉटवर जायचे आणि खऱ्या मापात जमिनीवर घर आखायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या सगळ्यांनी तिथे यायचं आणि त्या रेघांमध्ये वावरायचं. कणीक मळायची ती ओट्याच्या जागी उभं राहून, निजायचं ते पलंगाच्या जागी आडवं होऊन. लोक लाजायचे, शेजारचे हसायचे. नानांना त्याचं काही नव्हतं. एक मारवाडी कापडवाले शेठ होते, वजनदार माणूस, ते सरळ रेघ तुडवत निजायच्या खोलीत शिरले. नाना ओरडले, "शेठ, भिंतीतून काय येताय!" शेठ एवढे दचकले की मागे फिरले, दाराच्या जागेपर्यंत गेले, तिथे बूट काढले आणि मग आत आले. नाना म्हणाले, "हां. आता घरी आलात."

असल्या या माणसाला स्वतःचं घर नव्हतं.

पिंप्राळ्याला त्यांचा प्लॉट होता. कॉलनी पडली तेव्हाच घेतलेला. आजूबाजूला घरं उठली, त्यातली निम्मी नानांनीच काढलेली, आणि मध्ये हा प्लॉट तसाच, बाभळी आणि शेजाऱ्यांनी टाकलेल्या विटांच्या तुकड्यांसकट. नाना आणि काकू राहायचे डाळीच्या एका मिलमागे, वरच्या मजल्यावर, भाड्याच्या तीन खोल्यांत. रेल्वेच्या डब्यासारख्या एकामागे एक खोल्या. पुढे बैठक, मध्ये अंधार, शेवटी स्वयंपाकघर. मुलगी लग्न होऊन गेली, नानांची आईही वारली, काकूंचे गुडघे दुखायला लागले, तरी तो जिना काही सुटला नाही.

कारण एकच. काकू बोलत नव्हत्या. दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला नाना त्यांना विचारायचे, "सांग, तुला घर कसं पाहिजे?" आणि काकू म्हणायच्या, "तुम्हाले बरं वाटेल तसं करा." झालं. नाना दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन जाहीर करायचे, "आमच्या घरचे अजून बोलत नाहीत. ते बोलल्याशिवाय मी रेघ ओढणार नाही." तत्त्वाचा माणूस. मला आधी हसू यायचं, पुढे पुढे राग यायला लागला. परक्या बायकांसमोर टोक करत बसणारा हा माणूस स्वतःच्या बायकोला प्रश्न विचारायचा तो बुटाची नाडी बांधताना, आणि सुरात तोंडी परीक्षेचा दरारा. उत्तर यायचं कसं?

मग मिलवाल्या मालकाने ती इमारतच पाडायला काढली. जागा सोडणं आलं. आता तत्त्व गेलं खुंटीवर. नानांनी दोन दिवसांत नकाशा काढून माझ्यापुढे टाकला. पूर्वेला तोंड असलेला प्लॉट. पुढे मोठी बैठक, तिथे नानांचं टेबल, कामाला येणाऱ्यांसाठी बाक. मध्ये दोन खोल्या. मागे स्वयंपाकघर, मोरी, तुळस. नकाशा नीटनेटका होता. कूलर अगदी जागच्या जागी.

मी तो संगणकावर चढवत होते तेव्हा काकू आल्या. गुडघ्याच्या डॉक्टरकडून येताना नानांसोबत रिक्षाने घरी जायचं म्हणून आल्या होत्या. ऑफिसात त्या क्वचितच यायच्या. सावद्याच्या केळीवाल्या शेतकऱ्याची ही मुलगी, इतकी वर्षं जळगावात काढूनही बोलण्यातला 'मले' आणि 'तुम्हाले' त्यांनी सोडला नव्हता. माझ्या मागे उभ्या राहून त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"ह्याच्यात मी कुठे?" त्यांनी विचारलं.

मी स्वयंपाकघर दाखवलं.

"मागे?"

"हो. मागे मोकळी जागा आहे काकू, उजेड भरपूर येईल."

नाना टेबलाशी फोनवर कोणाशी तरी वाळूवरून वाद घालत होते. त्यांचा फोन संपायची काकूंनी वाट पाहिली आणि मग सरळ म्हणाल्या, "मले स्वयंपाकघर पुढे पाह्यजे. रस्त्याकडे."

मला वाटलं, नाना आता पेढे आणायला धावतील. इतक्या वर्षांनी घरचे बोलले! पण नाना आधी हसले. मग काकू हसत नाहीत असं पाहून गंभीर झाले. "पुढे स्वयंपाकघर कुठे असतं का? आल्या माणसाला पहिली काय दिसणार? कढई?"

"मी दिसेन," काकू म्हणाल्या.

"वास्तूत बसत नाही," नाना म्हणाले.

माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "नाना, प्लॉट पूर्वेचा आहे. घरातून रस्त्याकडे तोंड केलं की पुढचा उजवा कोपरा आग्नेयच येतो. बसतं की."

"वास्तूचं काय घेऊन बसलीस!" नाना माझ्यावर कडाडले. "शिकलेली ना तू? लोक काय म्हणतील ते बघ. जन्मभर दुसऱ्यांची घरं केली आणि स्वतःच्या दारात चूल मांडली म्हणतील. मी बसायचं कुठे? मोरीजवळ?"

काकूंनी पदर खोचला आणि त्या जिन्याकडे चालू लागल्या. एकेक पायरी, कठडा धरून. नाना टोपी शोधत मागे गेले.

पुढचे काही दिवस ऑफिसात वाईट गेले. नाना कोणाशी धड बोलेनात. चाळीसगावचं एक जोडपं आलं, नवरा खुर्ची ओढून बोलायला लागला आणि नानांनी त्याला बोलू दिलं. चहाला पाठवलं नाही. ती बाई मांडीवरच्या पिशवीचे बंद नीट करत बसून राहिली. ती माणसं गेल्यावर मी नानांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

मग एका सकाळी त्यांचा मला फोन आला. "काकूंना घेऊन प्लॉटवर ये." काकू आणि मी रिक्षाने पिंप्राळ्याला गेलो. थंडीचे दिवस, कोवळं ऊन. बाभळी तोडलेल्या, जमीन साफ केलेली, आणि तिच्यावर पांढऱ्याशुभ्र रेघांचं घर. मी लांबूनच ओळखलं. स्वयंपाकघर मागेच होतं.

"चल, बघ तर खरं," नाना काकूंना म्हणाले. आवाज मऊ होता, पण हट्ट तोच. "मागे किती मोठं झालंय ते. हवा बघ."

काकू दारातून आत गेल्या. बैठकीतून, मधल्या बोळातून, एकही रेघ न तुडवता, शेवटच्या खोलीत जाऊन ओट्यासमोर उभ्या राहिल्या. तेवढ्यात रस्त्याने शेजारच्या घरातली एक सून स्कूटीवरून चालली होती. तिने वेग कमी केला. "काकू! सुरू करताय का बांधकाम?"

काकूंनी हात वर केला. "हो बाई! येजो चहाले!"

नाना लगेच म्हणाले, "तुला ती दिसत नाहीये."

"दिसतेय ना."

"कशी दिसेल? मध्ये दोन भिंती आहेत. तुला नुसता आवाज येतोय."

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. "तेच तं म्हणते मी," त्या म्हणाल्या. "मले नुसता आवाजच येतो."

काकू ओट्याच्या जागी उभ्या होत्या त्या तशाच उभ्या राहून बोलायला लागल्या, आणि मी तिथे आहे हे दोघंही विसरली असावीत.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आमचे आबा आले होते सावद्याहून. केळीच्या फण्या घेऊन. तुम्ही त्यांना पुढच्या खोलीत बसवलं. मी पाणी घेऊन आली, पण तुमची आई तिथंच बसेल होती, मान वर कशी करू? मागे आली आणि भजे तळायले घेतले. तुम्ही दोघं बोलत होते. आबा हसले, तेही ऐकलं मी. म्हटलं, गरम गरम घेऊन जाऊ, मग बसू जवळ. बशी घेऊन बाहेर आली तं आबा चपला घालून जिन्यावर. बस होती त्यांची. पाठ दिसली मले. त्याच पावसाळ्यात गेले ते."

नाना त्या रेघांच्या घरात बैठकीच्या जागी उभे होते. त्यांनी टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली.

"त्यांनी विचारलं होतं," ते शेवटी म्हणाले. "पोरगी कुठे आहे म्हणून. मी म्हटलं, आत आहे, येईल आता."

मी इंजिनिअर असल्यासारखं जमिनीकडे बघत राहिले.

"तू हाक मारायची होतीस," नाना म्हणाले.

"मागून?" काकू म्हणाल्या. "तुमच्या आईसमोर?"

नाना मागच्या खोलीकडे गेले आणि बुटाने ओट्याची रेघ पुसायला लागले. एक पुसली, मग दुसरी. बूट पांढरे झाले, पँटही झाली. सगळं स्वयंपाकघर मातीत मिसळल्यावर ते पुढे, रस्त्याकडच्या उजव्या कोपऱ्यात आले आणि त्यांनी काकूंना तिथे बोलावलं. काकू आल्या. नानांनी विचारलं, "खिडकी केवढी पाहिजे?" या वेळी प्रश्नात परीक्षा नव्हती.

काकूंनी दोन्ही हात पसरले. "एवढी."

नानांनी टेप काढला, एक टोक काकूंच्या एका हाताच्या बोटांशी धरायला मला सांगितलं आणि दुसऱ्या हातापर्यंत माप घेतलं. काकूंना हात खाली घेऊ दिले नाहीत, पुन्हा एकदा मोजून खात्री केली.

घर तसंच झालं. वास्तुशांतीला आलेल्या नात्यातल्या बायका दारातच थबकल्या. "अगं बाई, आल्या आल्या चूल?" म्हणाल्या. काकू खिडकीतूनच "या" म्हणत होत्या, हात कणकेचे. नाना मागच्या बैठकीत बसले होते, कोणी विचारलं तर सांगत होते, "घरच्यांची इच्छा." जरा तोऱ्यातच सांगत होते, पण आधी त्यांचाच विरोध होता हे मीही कोणाच्या लक्षात आणून दिलं नाही.

पुढे ऑफिस त्या घरातच गेलं, आणि मग हळूहळू बंद झालं. तोवर नानांची एक तक्रार कायम असायची. कामाला येणारा माणूस आधी खिडकीशी थांबायचा. काकू त्याला पाणी द्यायच्या, कुठून आला, घरात कोण कोण आहे, आईची कंबर कशी आहे, सगळं विचारून घ्यायच्या. "माझं गिऱ्हाईक माझ्यापर्यंत पोचतं तेव्हा रिकामं झालेलं असतं," नाना म्हणायचे. "मी काय विचारू आता? टॉवेलाचंसुद्धा ही विचारते." गल्लीतली शाळेतून येणारी मुलं, भाजीवाली, सावद्याहून येणारे काकूंचे भाचे, सगळे आधी त्या खिडकीत दिसायचे.

नानांना जाऊन आता काही वर्षं झाली. मी पिंप्राळ्याकडे गेले की काकूंकडे डोकावते. परवाही गेले. मी फाटकाशी पोचायच्या आत त्यांनी आधण ठेवलं होतं. मेथी निवडत आम्ही खिडकीशी बसलो. रस्त्यावर कोण आलं, कोण गेलं, त्या मधूनमधून सांगत होत्या. मग कोपऱ्यावरच्या कडुनिंबाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिथं थांबायचे ते."

"कोण, नाना?"

"हं. रोज. साइटवरून येताना तिथं स्कूटर बंद करायचे. टोपी उतरवून खिशातून कंगवा काढायचे आणि आरशात पाहून केस बसवायचे. केस होते किती? मग रुमालाने तोंड पुसायचे, कॉलर सारखी करायचे. मग पुन्हा स्कूटर चालू करून दारात यायचे आणि आल्या आल्या माझ्यावर खेकसायचे, चहा टाक म्हणून." त्या हसल्या. "मी कधी सांगितलं नाही त्यांना, मले दिसते म्हणून. सांगितलं असतं तं बंद केलं असतं त्यांनी."

मी म्हटलं, "काकू, नव्या घरात आल्यावर लागली असेल ही सवय."

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "नाही गं," त्या म्हणाल्या. "तिकडेही करतच असतील. जिन्याखाली उभं राहून. मले काय माहीत? मी मागे होती."